सहाव्या स्थानाचे चित्र

उपवासकाळाचा दुसरा आठवडा होता. परळच्या एका रुग्णालयात रुग्णाभ्यंगाचा संस्कार देऊन मी टॅक्सीने परतत होतो. पुलाखाली वाहनांची रांग लागली होती. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचा फोन आला. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारा हा गुणी मुलगा रविवारी गायनवृंदात गिटार वाजवतो.

"फादर, मोबाइलवरची क्रुसाची वाट तयार होत आली. प्रार्थना तुम्ही दिल्या त्याच घेतल्या आहेत. चित्रं तेवढी राहिलीत. ती एआयकडून काढून घेऊ का?"

"खर्च किती?"

"काहीच नाही, फादर. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग विचारतोस काय? घे काढून."

हे संभाषण जेमतेम मिनिटभराचे. मी फोन खिशात ठेवला आणि ज्या माउलीला अभ्यंग देऊन आलो होतो तिच्यासाठी रोझरी सुरू केली. तो मिनिट पुढे आपल्याला इतके दिवस छळेल असे तेव्हा वाटले नाही.

तो तरुण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम दाखवायला कार्यालयात आला. कोड एडिटर म्हणजे काय हे मला तेव्हा प्रथम नीट समजले. पडद्याचे तीन भाग होते. डावीकडे फाइलींची यादी, मध्ये रंगीत अक्षरांतील आज्ञावली आणि उजवीकडे संभाषणाची एक पट्टी. पूर्वी ही पट्टी नसे. प्रोग्रामर मधल्या भागात स्वतः ओळी लिहीत आणि चित्र हवे असल्यास ते कोणा चित्रकाराकडून वा छायाचित्रकाराकडून आणून डावीकडच्या फोल्डरात ठेवीत. आता उजवीकडे साध्या भाषेत मागणे मांडायचे. यंत्र आज्ञावलीही लिहिते आणि चित्रही काढते. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर २०१५ पासून या मंडळींच्या हाताखाली आहे. त्याला अशी जोडणी करून घेता येते. गुगलने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणलेल्या अँटिग्रॅव्हिटी या एडिटरात तर ती सोय मुळातच बसवलेली आहे.

त्याने माझ्यासमोर सहाव्या स्थानाची मागणी टंकित केली. वेरोनिका येशूचा चेहरा पुसते. मिनिटभराच्या आत चित्र हजर झाले. यंत्राने त्याला नाव दिले, फोल्डरात ठेवले, पानाच्या आज्ञावलीत त्याचा पत्ता लिहिला आणि पान उघडून दाखवले. मी थक्क झालो हे कबूल केले पाहिजे. प्रकाश, धूळ, गर्दी, क्रुसाच्या लाकडाच्या रेषा, सारे काही होते. मग मी चश्मा पुसून पुन्हा पाहिले. वेरोनिकाने अजून ते वस्त्र प्रभूच्या मुखाला लावलेही नव्हते आणि त्यावर त्याचा चेहरा आधीच उमटलेला होता!

"परत काढतो, फादर," तो म्हणाला. त्याने आठ वेळा काढले. आठ वेळा निराळा येशू आला. पाचव्या स्थानावरचा येशू आणि सहाव्या स्थानावरचा येशू हे फार तर चुलतभाऊ वाटावेत.

हे असे का होते ते त्याने मला समजावले. यांतील बरीचशी यंत्रे चित्राची सुरुवात कोऱ्या कागदापासून करीत नाहीत. ती रंगीबेरंगी ठिपक्यांच्या अर्थहीन धुक्यापासून करतात आणि आपण दिलेल्या शब्दांच्या अनुरोधाने ते धुके पायरीपायरीने निवळत नेतात. कोणत्या शब्दाला धुके कोणत्या दिशेने निवळावे हे त्यांनी जगभरची चित्रे आणि त्या चित्रांसोबतची वर्णने पाहून शिकून घेतलेले असते. २०२२ मध्ये अशा जोड्यांचा एक संग्रह लायन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. ज्यांची ती चित्रे त्यांना कोणी विचारले नव्हते, हा वादाचा मुद्दा आजही न्यायालयांत फिरतो आहे.

आता त्या येशूच्या चेहऱ्याबद्दल. तो गोरा होता, केस भुरे, डोळे निळसर. तरुणाने मागणीत 'भारतीय' हा शब्द घातला. मग जे आले ते पाहून आम्ही दोघेही हसलो. सगळ्यांच्या डोक्यावर फेटे, गळ्यात झेंडूच्या माळा, मागे राजवाडा. 'गिरगावची चाळ' असे लिहिल्यावर राजस्थानातल्या हवेलीसारखी एक वास्तू आली. तिच्या सज्जात एकही दोरी वाळत घातलेली नव्हती. यंत्राला परदेशी प्रवाशाचा भारत ठाऊक होता. खोताची वाडी ठाऊक नव्हती.

हसू ओसरल्यावर मी कार्यालयाच्या भिंतीकडे पाहिले. तेथे पवित्र हृदयाचे चित्र आहे. तो परिचित नमुना पोम्पेओ बातोनी या इटालियन चित्रकाराने १७६७ मध्ये रोमच्या जेझू चर्चसाठी चितारला. शेजारच्या कॅलेंडरवर अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॉलमन याने १९४० मध्ये काढलेले ख्रिस्तमुख होते. त्याच्या प्रती जगात कोट्यवधी निघाल्या. म्हणजे यंत्राने काही निराळे केले नव्हते. आपण आपल्या भिंतींवर जे टांगले त्याचीच सरासरी काढून त्याने आपल्या हाती दिली होती.

निराळे करणारा माणूस आपल्यात होऊन गेला. आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ शिकून ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे गेले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, बाळ येशूला आपल्या मातीचा रंग दिला. याबद्दल गोव्यातल्या आपल्याच लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पवित्र मरियेला अशी रंगवणे म्हणजे तिचा अवमान असे त्या भाविकांना वाटले. १९६३ मध्ये व्हॅटिकन विश्वपरिषदेने पवित्र उपासनेवरील दस्तऐवजात सर्व वंशांच्या आणि प्रदेशांच्या कलेला मंदिरात मोकळीक द्यावी असे म्हटले; फोन्सेका १९६७ मध्ये वारले. त्यांचे एखादे चित्र आपल्यापैकी किती घरांत आहे? माझ्या कार्यालयात नव्हते. सेमिनरीत असताना ७८७ च्या निकेया परिषदेवर मी दहा पाने लिहून उत्तम गुण मिळवले होते. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेमागच्या व्यक्तीकडे जातो, हे मला पाठ होते. प्रतिमा कोणाच्या हातून येते, हा प्रश्न त्या प्रश्नपत्रिकेत नव्हता.

माझा विरोध वाढत चालला तसा त्या तरुणाने एक नेमका मुद्दा काढला. ही मुले आपण समजतो त्याहून अधिक वाचतात. तो म्हणाला, "फादर, संत फाउस्टिनाने तरी काय केलं? तिनेही शब्दच दिले. ब्रश दुसऱ्याच्या हातात होता."

मी निरुत्तर झालो. दिव्य दयेचे चित्र आज आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. १९३४ मध्ये व्हिल्निअस येथे फाउस्टिनाचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर सोपोच्को यांनी एउगेनिउश काझिमिरोव्स्की या चित्रकाराला ते काम सांगितले. फाउस्टिना त्यांच्या चित्रशाळेत जाई आणि आपल्याला दर्शनात काय दिसले ते सांगे. चित्रकार बदल करी. ती पुन्हा जाई. चित्र पुरे झाल्यावर ते प्रभूइतके सुंदर नाही म्हणून ती रडली. चित्राची थोरवी रंगात वा कुंचल्यात नसून कृपेत आहे, अशा अर्थाचे सांत्वन तिला मिळाल्याचे तिच्या दैनंदिनीत आहे. आणि आपल्या घरांत बहुधा जे चित्र असते ते तर तेही नव्हे. ते अडोल्फ हिवा यांनी फाउस्टिनाच्या मृत्यूनंतर काढले. तेव्हा रंग आणि कुंचला यांना मी नको तेवढा मान देत असेन तर तो तरुण बरोबर होता.

पण ती रडली होती. घरी परतणाऱ्या त्या मुलाच्या पाठीकडे पाहताना मला एवढेच सुचले. आठ चित्रे आम्ही टाकून दिली. त्यांपैकी एकाहीसाठी मला वा त्याला वाईट वाटले नव्हते.

तरीही मी ती चित्रे राहू दिली. खरे कारण सांगतो: काम झाले होते. कौन्सिलच्या बैठकीत कोणीतरी सुचवले की यंदा आवारात कापडी पडदे लावायची गरज नाही. चौदा खांबांवर क्यूआर कोड चिकटवले की प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर चित्र दिसेल, बांबू आणि मजुरीही वाचेल. मी मान डोलावली.

ते कापडी पडदे आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध चित्रकाराने १९८८ मध्ये रंगवलेले. हे काका लालबागचे. त्यांचे आयुष्य लालबाग, परळ, ग्रँट रोड इथल्या चित्रगृहांसाठी सिनेमांचे बॅनर रंगवण्यात गेले. २००० च्या आगेमागे फ्लेक्सवरची छपाई आली आणि तो धंदा पाहता पाहता बसला. त्याच धंद्यातून पुढे आलेले मकबूल फिदा हुसेन यांचे रंगकाम दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या घुमटाच्या काचेवर आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात ते मंदिर नव्याने बांधले तेव्हाचे. आमच्या काकांना एवढे मोठे छत लाभले नाही. त्यांचे चौदा मांजरपाटी पडदे दर उपवासकाळात पोटमाळ्यावरून खाली येत, ऊन खात आणि ईस्टरनंतर परत वर जात.

झावळ्यांच्या रविवारी मिस्सेनंतर ते सॅक्रिस्टीच्या दाराशी आले. "फादर, यंदा पडदे नकोत का?" आवाजात तक्रार नव्हती. मी क्यूआर कोडबद्दल काहीतरी सांगितले. "बरं बरं," ते म्हणाले आणि जिन्याचा कठडा धरून उतरू लागले. त्यांना कोणी आधी सांगितलेही नव्हते. सांगायचे काम माझे होते.

त्याच आठवड्यात गिरगावातून एका टीचरांचा फोन आला. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे. मोबाइल त्यांना मजकूर वाचून दाखवतो. त्यांनी क्रुसाची वाट ऐकली होती. प्रार्थना आवडल्या. मग म्हणाल्या, "फादर, चित्र आलं की फोन म्हणतो, एक स्त्री एका जखमी पुरुषाचा चेहरा पुसत आहे. एवढंच. ती घाबरली होती का हो? तिच्याकडे कोणी पाहत होतं का?"

मी त्या तरुणाला विचारले. तो म्हणाला, पानावरच्या प्रत्येक चित्रामागे आज्ञावलीत वर्णनाची एक ओळ लिहायची असते. तिला ऑल्ट म्हणतात. अंधांचा फोन ती वाचतो. हीही ओळ यंत्रानेच लिहिली होती. पुढे त्याने जे सांगितले ते ऐकून मी खुर्चीत बसलो. ५८५ कोटी जोड्यांच्या त्या संग्रहातली वर्णने म्हणजे बहुतांशी या ऑल्टच्या ओळीच होत्या. जगभरच्या पानांवर माणसांनी चित्रामागे लिहून ठेवलेल्या, न पाहू शकणाऱ्यांसाठी राखलेल्या त्या ओळी गोळा करून यंत्रांना चित्रे काढायला शिकवले गेले.

मी म्हटले, या चौदा ओळी मी लिहितो. रात्री लिहायला बसलो. पहिल्या स्थानावरच अडलो. पिलाताचा चेहरा कठोर आहे असे लिहावे तर तो कठोर नव्हता, मृदूही नव्हता. नुसताच देखणा होता. गर्दीतली माणसे कोण, ती कोठे पाहताहेत, ते सांगता येईना, कारण ती कोठेच पाहत नव्हती. सहाव्या स्थानापाशी आलो. ती घाबरली होती का? मी चित्राजवळ डोळे नेऊन पाहिले. ठाऊक नाही, असेच उत्तर होते. यंत्राला मीच विचारले असते तर त्याने हवे ते सांगितले असते.

पवित्र बुधवारी सकाळी आम्ही दोघे लालबागला गेलो. काकांच्या घरी पोटमाळ्याच्या किल्लीची दुसरी प्रत असते. पडद्यांची छायाचित्रे घ्यायची, असे मी तरुणाला सांगून ठेवले होते. क्षमा मागायला मी मनाशी वाक्ये जुळवली होती. काकांनी ती बोलूच दिली नाहीत. त्यांना त्या एडिटरबद्दल कुतूहल होते. मुलाने मांडीवर लॅपटॉप उघडून दाखवला. काकांनी डोळ्याला भिंग लावून सारे पाहिले आणि म्हणाले, "सिनेमावाले आम्हाला असेच सांगायचे. हिरो मोठा काढ, व्हिलनचं तोंड लाल कर, हिरॉइनचे डोळे वर घे. आम्ही फोटोवर चौकोन आखून मोठं करत होतो. नक्कलच की तीही." मग जरा थांबून, "हे अंगावर पडणारं ऊन चांगलं काढलंय हां."

पडदे आम्ही चर्चच्या सभागृहात पसरले. सहावा पडदा उलगडल्यावर मी विचारले, "काका, ही वेरोनिका कोण?"

"माझी मावशी. गिरणीत वाइंडिंग खात्यात होती." १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या उन्हाळ्यात गिरणीच्या फाटकासमोर एक उपाशी कामगार भोवळ येऊन पडला. पोलीस उभे होते. कोणी पुढे होईना. मावशी गेली आणि तिने आपल्या पदराने त्याचे तोंड पुसले. काका तेव्हा रस्त्यापलीकडे होते. "घाबरली होती ना ती," ते म्हणाले. "हात बघा. एका हातानं पुसतेय, दुसऱ्यानं पदर घट्ट धरलाय." अडतीस वर्षे मी क्रुसाच्या वाटा करतो आहे, या पडद्यासमोर कितीदा गुडघे टेकले असतील. तो दुसरा हात मी पाहिलेला नव्हता.

सहाव्या स्थानाची ओळ मी तेथेच लिहिली. ती आठ ओळींची झाली. तरुण म्हणाला, ऑल्ट एवढा मोठा लिहीत नाहीत. मी म्हटले, आपण लिहू.

अकरा पडदे चांगले होते. चौथा, नववा आणि तेरावा हे तीन पोटमाळ्याच्या गळक्या कोपऱ्यात राहिल्याने पार विरले होते. रंग कापडासकट गळून आला. अकरा छायाचित्रे त्या तरुणाने त्याच फोल्डरात, त्याच नावांनी ठेवली. आज्ञावलीतला एक शब्दही बदलावा लागला नाही. उरलेल्या तिघांसाठी त्याने भीतभीत सुचवले: काकांचे अकरा पडदे यंत्राला दाखवून उरलेले तीन त्यांच्याच शैलीत काढून घेता येतील, आता ते जमते. मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, "काढा की. पण खाली माझं नाव घालू नका."

हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी या विषयावर एक विस्तृत टिपण प्रसिद्ध केले. कृत्रिम बुद्धिमत्ता हे मानवी बुद्धीचे निराळे रूप नव्हे, तिची निर्मिती आहे, असे त्यात म्हटले आहे. मी ते दोनदा वाचले. त्यात यंत्राला शिव्याशाप नाहीत, याचे मला समाधान वाटले. पण तेराव्या स्थानी मातेच्या मांडीवर ठेवलेला देह कोणी रंगवावा, हे त्यावरून मला ठरवता आले नाही. त्या मुलाने मन लावून मागणी लिहिली तर तीही प्रार्थना होऊ शकेल, हे मी नाकारत नाही. काकांच्या अकरा पडद्यांतून निघालेली मावशी मात्र कोणत्या संपातली असेल?

गुड फ्रायडेला पडदे आवारात लागले, अकराच. बांबूवाल्याने ऐन वेळी जास्त पैसे घेतले. फोनवरच्या पानावर चौथ्या, नवव्या आणि तेराव्या स्थानी चित्र नव्हते. चित्राची फाइल सापडली नाही तर त्या चौकटीत ऑल्टची ओळ दिसते, अशी त्या आज्ञावलीची रीत आहे. त्यामुळे तिथे मी लिहिलेले शब्द तेवढे दिसत. दोघांतिघांनी पान बिघडले आहे असे कळवले. गिरगावच्या टीचरांना अर्थातच काही फरक जाणवला नाही. त्यांनी सहाव्या स्थानाची ओळ मला फोनवर जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवली आणि 'वाइंडिंग खाते' म्हणजे नेमके काय ते विचारले.

काकांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची पावसाळ्यानंतर आहे. चौथे स्थान जमले तर काढून पाहीन, असे ते म्हणाले आहेत. मांजरपाटाचे कापड तो तरुण आणून देणार आहे.